नमुना क्रमांक एक्केचाळीस

“तुमच्या भावाचं नाव काय?” इन्स्पेक्टर भणग्यांनी विचारलं.

“मला भाऊ नाही, साहेब.”

“आहे.”

“अहो, दोन बहिणी आहेत. एक निपाणीला दिलीय, एक गारगोटीला. भाऊ नाही.”

“भाऊ आहे, शिंत्रे.” भणग्यांनी समोरचा कागद माझ्याकडे फिरवला. “तुम्हाला माहीत नसेल, ती गोष्ट वेगळी. प्रयोगशाळेला माहीत आहे.”

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तेरवडीच्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. सरकारी भाषेत पशुधन पर्यवेक्षक, गावच्या भाषेत डॉक्टर. तालुक्यातल्या निम्म्या गाई-म्हशी माझ्या हातून गाभण राहिलेल्या. कुठली कालवड कुठल्या वळूची, तिची आई कोण, आजी दूध किती द्यायची, हे मला वही न उघडता सांगता यायचं. अशा माणसाला ठाण्यात बसवून साहेब सांगत होते की तुझ्या बापाला आणखी एक मुलगा आहे.

प्रकरण होतं आमच्या आमदारांच्या चांदीच्या तलवारीचं. कुठल्याशा सत्कारात त्यांना ती मिळाली होती आणि बंगल्याच्या दिवाणखान्यात, काचेच्या नव्या कोऱ्या कपाटात ती उभी असायची. सतरा जानेवारीच्या रविवारी घरची माणसं लग्नाला गेली होती. परत येऊन बघतात तर काच फुटलेली, तलवार गायब, आणि चौकटीच्या खाचेत वाळलेलं रक्त. आमच्या गल्लीतल्या वत्सलाबाईंच्या चार शेळ्या चोरीला गेल्या, तेव्हा हवालदार आठव्या दिवशी पंचनाम्याला उगवला होता. तलवारीसाठी जिल्ह्याहून गाडी आली, हातमोजे घातलेली माणसं आली आणि रक्त खरवडून घेऊन गेली.

मग त्या आठवड्यात बंगल्यावर पाय ठेवलेल्या पुरुषांची यादी झाली. त्रेसष्ट जण. दूधवाला, माळी, निवेदनं घेऊन आलेले कार्यकर्ते, आणि आमदारांच्या गीर गाईला तपासायला गेलेला मी. पंचायत समितीच्या हॉलमध्ये आम्हाला रांगेत बसवलं. कापूस लावलेली काडी गालाच्या आतून फिरवायची, पाकिटात घालायची, फॉर्मवर सही करायची. फॉर्मवर ‘स्वखुशीने’ असं आधीच छापलेलं होतं.

“सक्ती नाही,” भणगे म्हणाले. “ज्याला द्यायचं नसेल त्यानं हात वर करावा.”

एकच हात वर झाला. गणपा वायरमनचा.

“का रे?” भणग्यांनी विचारलं.

“मी चोरी केलेली न्हाई. मग माझी थुंकी तुमच्या कपाटात कशाला?” गणपा म्हणाला.

सगळा हॉल हसला. पण पुढचा महिनाभर गणपाला कुणी मोटर दुरुस्तीला बोलावलं नाही. चहाच्या टपरीवर तो आला की गप्पा थांबायच्या. मी स्वतः दवाखान्यातल्या पंख्याचं काम दुसऱ्याला दिलं, हे कबूल करतो. माझा नंबर एक्केचाळीस होता. “रोज मी जनावरांचे नमुने घेतो, आज माझा घ्या,” असा विनोद करत मी तोंड उघडलं होतं.

आणि आता हा कागद. रक्त नमुना दिलेल्या बासष्टांपैकी कुणाचंच नव्हतं. मात्र ज्याचं होतं तो आणि नमुना क्रमांक एक्केचाळीस, बाप एक, आई वेगळी.

“चुकलं असेल,” मी म्हणालो.

“दोनदा तपासलंय.” भणगे पन्नाशीचे, जाड भुवयांचे, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. “हे बघा, तुमचे वडील आहेत ना अजून? तुम्ही विचारा, नाहीतर मी विचारतो. मी आलो की जीप दारात थांबणार, आणि जीप थांबली की गल्ली गोळा होते. आज शुक्रवार. सोमवारपर्यंत थांबतो.”

घरी आलो तेव्हा आबा सोप्यात बसून शेंगा फोडत होते. वय शहात्तर, सगळे दात शाबूत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बायको, वैजयंता, आत भाकऱ्या थापत होती. मी आबांच्या शेजारी बसलो, चार शेंगा फोडल्या, आणि दुसरं काही सुचेना म्हणून सरळच विचारलं.

“आबा, मला भाऊ आहे?”

“कोण म्हणतंय?”

“सरकार.”

आबांचा हात थांबला. आत भाकरीचा आवाजही थांबला. मी कागदावरचं सगळं सांगितलं. आबांनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

“वय किती त्याचं?”

“ते कागदावर नाही.”

“माझ्या लग्नानंतरचा न्हाई. ते तुझ्या आईची शपथ घेऊन सांगतो.” मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “हौसा.”

आबा तरुणपणी पाटाच्या कामावर हजेरी कारकून होते, एवढं मला माहीत होतं. त्याच कामावर कुदळी-फावड्यांचे दांडे बसवणारा एक सुतार होता. त्याची पोरगी रोज दुपारी भाकरी घेऊन यायची.

“दीड वर्षं यायची ती,” आबा म्हणाले. “मी घरात विचारलं. तुझा आजा म्हणाला, सुताराची सून आणलीस तर ह्या घराचा उंबरा तुला बंद. मी गप बसलो. पंधरा दिवसांत तिचं लग्न लागलं, कासारवड्याला. बावन्न वर्षं झाली.”

“आणि मूल?”

“मला ठावं असतं तर...” आबा थांबले. ठाऊक असतं तर काय केलं असतं, हे बहुधा त्यांनाच सांगता येईना. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “दिसायला कसा हाय?”

“मी तरी कुठं बघितलाय, आबा!”

वैजयंतानं दोघांना जेवायला वाढलं. फक्त आबांच्या ताटात लोणी जरा जास्त पडलं, ते दया म्हणून की राग म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला पेटी बांधून मी कासारवड्याला निघालो. जनावरांच्या डॉक्टरचं हे एक बरं असतं, कुठल्याही गावात, कुठल्याही गोठ्यात शिरलं तरी कुणी का म्हणून विचारत नाही. हौसाबाई सुतारांचं घर पहिल्याच पोरानं दाखवलं. परड्यातल्या गोठ्यात म्हैस बांधलेली, शेजारी सत्तरीतली एक ताठ बाई शेण भरत होती. मी म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

“काय मावशी, म्हैस माजावर आलीया म्हणं?”

“तीन महिन्यांची गाभण हाय ती,” बाई म्हणाली. “कसला डॉक्टर तू? आणि बोलावलं कुणी?”

मी नाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर तिनं पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं.

“कुणाचा?”

“आबांचा. दत्ताजी शिंत्र्यांचा.”

“मेला?”

“नाही. बरे आहेत.”

“मग कशाला आलास?”

मी सांगितलं. कापसाची काडी, कागद, एक्केचाळीस नंबर. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“पन्नास वर्षं मी एक शब्द बोलले न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या आईला बोलले न्हाई, बहिणीला न्हाई. आणि तू तोंडात कापूस फिरवलास आणि सगळं बोलून मोकळा झालास?”

“मला काय माहीत, मावशी...”

“ठावं नव्हतं तर तोंड कशाला उघडलंस?”

म्हशीनं शेपूट मारली, ती मी मुकाट्यानं खाल्ली.

“तुमच्या मालकांना...?”

“त्यांना ठावं होतं. हळद लागायच्या आधी मीच सांगितलं. आणि न सांगून काय करते? सुतार माणूस, जन्मभर मापं घेणारा. त्याला नऊ महिने मोजता येत न्हवते व्हय?” तिच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. “खांद्यावर बसवून वाढवलं त्यांनी सिदूला. रंधा धरायला शिकवलं. ते गेले तवा सिदूनं चितेला अग्नी दिला. आता त्याला कोण सांगणार, का तो तुझा बाप न्हवता म्हणून? तू का तुझा फौजदार?”

“कुणीच सांगणार नाही. पण मावशी, पोलीस त्याला शोधतायत. त्याचं रक्त आमदारांच्या कपाटावर...”

“असणारच की!” ती एकदम म्हणाली. “ते कपाट त्यानंच केलंय. काच बसवताना तळहात फाटला. सात टाके पडले. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, मीच गेलते सरकारी दवाखान्यात सोबत.”

मी कडब्याच्या पेंढीवर बसलोच. यादी केली होती ती चोरीच्या आठवड्यात आलेल्या माणसांची. कपाट त्याच्या आठ दिवस आधी उभं राहिलं होतं. काच बसवणाऱ्याला कुणी विचारायचं? रक्तावर तारीख थोडीच लिहिलेली असते.

दवाखान्याचा कागद तिनं पत्र्याच्या डब्यातून काढून दाखवला. शिक्का होता, तारीख होती. आम्ही दोघांनी गोठ्यातच ठरवलं. सिदूनं आपणहून ठाण्यात जायचं. काच मी बसवली, हात कापला, टाके पडले, माझा नमुना घ्या, एवढंच सांगायचं. एक्केचाळीस नंबरचं नाव निघू द्यायचं नाही. कागद आधी नेऊन दाखवणं आणि साहेबांना गप्प बसवणं माझ्याकडे.

“शपथ घे,” ती म्हणाली.

मी आईची घेतली. नंतर वाटलं, या कामाला आईची शपथ घ्यायला नको होती. पण घेतली.

सोमवारी सकाळी भणग्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कागद उजेडात धरून बघितला आणि उसासा टाकला.

“कागद खरा आहे. पण शिंत्रे, आमदारांचा पीए दिवसातून चारदा फोन करतो. त्याला मी सांगितलं की रक्ताचा माणूस सापडला, तर तो म्हणेल, घाला आत. टाके आधीचे असले म्हणून काय झालं? कपाट त्यानंच केलंय, काच कशी निघते ते त्यालाच माहीत, पुन्हा येऊन चोरी केली असेल.”

“आणि तो भावाचा कागद?”

“फाइलला लागलाय. माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही, तो शब्द देतो. पण खटला उभा राहिला तर कोर्टात वकील वाचणार. मोठ्यानं.”

“मग खटला उभा राहायला नको.”

“त्याला चोर लागतो,” भणगे म्हणाले. “आणि रक्त काच बसवतानाचं म्हटल्यावर माझ्याकडे आता तोही नाही.”

अकरा वाजता सिदू आला. उंच, सावळा, एक्कावन्न वर्षांचा, खिशाला मोजपट्टी अडकवलेली. मी बाकावर सरकून त्याला जागा दिली आणि चोरून बघत राहिलो. चेहऱ्यात आबा शोधत होतो, ते सापडले नाहीत. नाक मात्र आमच्या गारगोटीच्या बहिणीचं होतं, आणि ते त्याला तिच्यापेक्षा बरं दिसत होतं.

“तुम्ही म्हशीचे डॉक्टर ना? परवा आमच्या घरी आला होता म्हणं,” तो म्हणाला. “इथं कसं काय?”

“म्हशीचंच काम होतं.”

“पोलीस ठाण्यात?”

“हरवलीय एक,” मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

त्याचा जबाब झाला, नमुना घेतला, सही घेतली. वाटलं, सुटला. पण मंगळवारी त्याला पुन्हा बोलावलं, बुधवारीही. सकाळी नऊला येऊन बाकावर बसायचं, संध्याकाळी सहाला जायचं. अटक नाही, सुटका नाही. भणगे अटक जेवढी लांबवता येईल तेवढी लांबवत होते, पण पीए स्वतः येऊन बसला होता. कासारवड्यात बातमी पोचली. एका नव्या बंगल्याच्या खिडक्यांचं काम सिदूच्या हातातून गेलं. मालकानं निरोप पाठवला, तुमचं मिटलं की बघू.

आणि हे सगळं मी हसत हसत तोंड उघडलं म्हणून. मी दिवसभर गावोगाव फिरत होतो, पण डोकं त्या बाकावर होतं.

गुरुवारी हेळेवाडीला एका कालवडीचं पोट फुगलं म्हणून बोलावणं आलं. तेल पाजलं, पोट चोळलं, ती ढेकर द्यायची वाट बघत आम्ही उभे होतो. वेळ जावा म्हणून मालकानं मोबाइल काढला.

“डॉक्टर, आमच्या पिंटूदादांचा वाढदिवस बघा. गावात असला झाला न्हवता कधी.”

पिंटूदादा म्हणजे आमदारांचे मेहुणे. व्हिडिओत जीपच्या बॉनेटवर पाच केक मांडलेले, मागं ढोल-ताशा, आणि पिंटूदादा दोन्ही हातांनी तलवार धरून पहिल्या केकचे दोन तुकडे करत होते. मलईचा एक गोळा कुणाच्या तरी चष्म्यावर उडाला. तलवारीच्या मुठीवर सिंहाचं तोंड होतं. ती मूठ मी गाईला तपासायला गेलो तेव्हा काचेमागून बघितलेली.

“कधीचं हे?” मी विचारलं.

“सतरा जानेवारी. रविवार होता.”

“मला पाठव.”

“आवडलं व्हय?”

“फार!” मी म्हणालो. तेवढ्यात कालवडीनं असा दणदणीत ढेकर दिला की दोघंही मागं सरकलो.

भणग्यांनी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला. तिसऱ्यांदा बघताना त्यांच्या भुवया खाली यायच्या थांबल्या.

“बासष्ट माणसांची थुंकी, पाच आठवडे, जिल्ह्याची गाडी,” ते म्हणाले. “आणि चोर स्वतःच आपली जाहिरात करतोय.” टोपी घालून ते उठले. पीएला त्यांनी जाता जाता मोबाइल दाखवला. पीए त्यानंतर दिसला नाही.

पुढचं फार लवकर आटपलं. पिंटूदादांना कपाटाची किल्ली सापडली नव्हती, म्हणून त्यांनी जाकीट गुंडाळून कोपरानं काच फोडली होती. अर्ध्या तासात परत ठेवणार होते. मग बोंबाबोंब झाली आणि ठेवायचं राहिलं. तलवार त्यांच्या दिवाणाखाली मिळाली, मुठीतल्या सिंहाच्या तोंडात वाळलेल्या मलईसकट. आमदारांनी घरगुती गैरसमज झाला असं लेखी दिलं आणि तक्रार मागं घेतली. सिदूला कुणी माफ करा म्हटलं नाही. भणग्यांनी मात्र त्याला चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला गेले.

मी आठ दिवसांनी ठाण्यात जाऊन विचारलं, “साहेब, आमचे नमुने परत मिळतील?”

“ते तिकडेच राहिले.”

“किती दिवस?”

“तो नियम मला विचारू नका. मी शोधला, सापडला नाही.”

मी लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. माझ्या गालातली ती काडी अजून कुठल्या तरी थंड कपाटात असेल. आता माझी मुलगी, तिचं लेकरू, बहिणींची पोरं, सगळ्यांचं निम्मं-पाव त्या पाकिटात बसलेलं आहे आणि त्यांनी कुठं सही केलेली नाही. गणपा वायरमन भेटला तेव्हा मी त्याची माफी मागितली. “पंख्याचं काम द्या, माफी राहू दे,” तो म्हणाला. दिलं.

घरी मी आबांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “रघू, माडीवरच्या खिडकीची काच तडकलीया.”

“कुठं? मी सकाळीच बघितली.”

“तडकंल.”

संध्याकाळी वर गेलो तर काचेला आरपार चीर. वैजयंता म्हणाली, दुपारी खलबत्त्यातला बत्ता माडीवर गेला होता, पण मी काही विचारलं नाही.

सिदूला बोलावलं. काम दोन तासांचं. आबा खुर्ची घेऊन समोर बसले. मी खाली-वर करत होतो. हौसामावशीसमोर शपथ घेतली होती आणि आबांनाही बजावलं होतं, तरी दर खेपेला जिन्यात थांबून कान देत होतो.

“वडील काय करायचे तुझे?” आबांनी विचारलं.

सिदूनं माप घेता घेता मान वळवली. “सुतार. त्यांच्या हाताची चौकट अजून कुठं हललेली न्हाई. त्यांनीच शिकवलं मला सगळं. आधी माप दोनदा घ्यायचं, मग कापायचं.”

“चांगला माणूस असणार.”

“लई चांगला.”

आबांनी मान हलवली. काम झाल्यावर आबा म्हणाले, “जेवून जा.” तो जेवला. वैजयंतानं लोणी वाढलं. जाताना तो आबांच्या पाया पडला. वडीलधारं माणूस म्हणून पडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर आमच्या घराला काय झालं कुणास ठाऊक. दर तीन-चार महिन्यांनी काहीतरी फुटायचं, तडकायचं, सरकायचं. जिन्याची खिडकी, देवघराचं कपाट, पुढच्या दाराची जाळी. चार वर्षांत घरात एक जुनी काच उरली नाही. सिदू यायचा, काम करायचा, आबांच्या समोर बसून जेवायचा. दोघं पाऊसपाणी बोलायचे, कुस्त्यांचं बोलायचे. नात्याचं कधीच नाही. मला वाटायचं, घरात गुपित ठाऊक असलेले आम्ही तिघं आणि काही ठाऊक नसलेला तो एक.

तीन वर्षांपूर्वी हौसामावशी गेल्या. मी मातीला जाऊन आलो. आबांना न्यायचं म्हटलं तर नको म्हणाले. त्या दिवशी मात्र दिवसभर सोप्यात बसून होते आणि शेंगांच्या सुपाला हात लावला नाही. पुढच्या वर्षी, त्र्याऐंशीव्या वर्षी, झोपेतच आबा गेले.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. घाटावर भाऊबंद जमलेले. न्हावी वस्तरा परजत होता. मी सदरा काढून पाटावर बसलो. तेवढ्यात वरून पायऱ्या उतरत सिदू आला. लोकांनी वाट दिली, कारण आमच्या घरी येणारा-जाणारा म्हणून सगळे त्याला ओळखत होते. तो आला, सदरा काढला, नीट घडी करून दगडावर ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

घाटावरचे भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले; बापाच्या दहाव्याला ती जागा मुलांची.

“सिदू,” मी हळूच म्हणालो, “मावशीनं सांगितलं?”

“न्हाई. आई शेवटपर्यंत काय बोलली न्हाई.”

“मग?”

“जबाबावर सही करायला साहेबांनी फाइल पुढं सरकवली. डोक्यावर पंखा फुल्ल. कागद उलटला. तुमचं नाव होतं आणि खाली चार ओळी.” तो पाण्याकडे बघत बोलत होता. “वाचून झालं तवा साहेबांनी बघितलं. ते काय बोलले न्हाईत, मी बी न्हाई.”

“म्हणजे पहिल्या दिवसापासून? माडीची काच बसवलीस तेव्हाही?”

“व्हय. ती काच बत्त्यानं फोडलेली हुती, ते बी कळलं.”

मला हसावं की रडावं ते कळेना. “अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“आई हुती नव्हं,” सिदू म्हणाला. “तिनं एवढं जपलेलं. मी कसं मोडू?”

भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली होती. एक चुलते पुढं येऊन काही विचारणार होते, त्यांना वैजयंतानं वरच्या पायरीवरून हातानंच थांबवलं. न्हावी वस्तरा हातात घेऊन एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

“आधी कुणाची करू?” त्यानं विचारलं.

“थोरल्याची,” मी म्हणालो, आणि सरकून बसलो.